कोणत्या जमान्यातले हेवीवेट भारी? एका वजाबाकीची अडचण

२० जानेवारी १९७० ला अमेरिकेतल्या शेकडो थिएटरांत बॉक्सिंगची एक कधीच न झालेली लढत दाखवली गेली. एका बाजूला २७ वर्षांचा मुहम्मद अली. दुसऱ्या बाजूला ४५ वर्षांचा रॉकी मार्सियानो, ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्येच निवृत्त झालेला. मार्सियानोनं या शूटिंगसाठी वीसेक किलो वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला आणि दोघांनी बंद दाराआड कितीतरी फेऱ्या कॅमेऱ्यासमोर खेळून काढल्या. शेवटही वेगवेगळे चित्रित झाले. खरा निकाल देणार होता कॉम्प्युटर, एनसीआर ३१५ नावाचा. त्यानं कौल दिला, तेराव्या फेरीत मार्सियानोचा नॉकआउट विजय. युरोपात काही ठिकाणी मात्र अली जिंकल्याची आवृत्ती दाखवली गेली! मार्सियानोला यातलं काहीच बघता आलं नाही. शूटिंगनंतर थोड्याच आठवड्यांत, ३१ ऑगस्ट १९६९ ला, तो विमान अपघातात गेला.

ही कल्पना मायामीतल्या मरे वॉरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्याची. १९६७ मध्ये त्यानं सगळ्या काळातल्या हेवीवेटांची कॉम्प्युटरवर स्पर्धा लावली होती. तीत अली जिम जेफ्रीजकडून हरला, आणि खऱ्या अलीनं त्याच्यावर दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. तडजोडीतून हा सिनेमा निघाला.

मला हा किस्सा फार आवडतो, कारण मी संख्याशास्त्रात पीएचडी करतेय आणि माझा विषय वॉरोनरच्या विषयाचा चुलतभाऊ आहे. त्याला म्हणतात जोडी-तुलना. दोघंदोघं भिडतात, एक जिंकतो, एक हरतो, आणि अशा हजारो निकालांवरून प्रत्येकाची ताकद एका आकड्यात काढायची. बुद्धिबळ, टेनिस, चवीच्या चाचण्या, सगळीकडे हेच गणित चालतं. बॉक्सिंग हा माझा फावल्या वेळचा डेटा. गाइड मॅडमना तो फारसा पसंत नाही, पण थिसिसमधली सगळ्यात महत्त्वाची अडचण मला कळली ती इथेच. ती आज तुम्हाला सांगायची आहे.

आधी हे मान्य करू की बॉक्सिंगमध्ये घड्याळ नाही. १९३६ चा धावपटू आणि आजचा धावपटू कधी भेटले नाहीत म्हणून फारसं बिघडत नाही. दोघांनी शंभर मीटरला किती सेकंद घेतले ते लिहून ठेवलंय. ट्रॅक बदलला, बूट बदलले, तरी सेकंद तोच. बॉक्सरची ताकद मात्र समोरच्या बॉक्सरशिवाय मोजताच येत नाही. मार्सियानोच्या ४९-० चा अर्थ 'त्याच्या काळातल्या या ४९ लढतींत तो सरस ठरला' एवढाच. ती माणसं किती चांगली होती, हे तो आकडा सांगत नाही.

यावरचा सगळ्यांना माहीत असलेला उपाय म्हणजे ईलो गुणांकन. आर्पाड ईलो हे अमेरिकेतल्या मिलवॉकीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारली. दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून साधारण ७६ टक्के यशाची अपेक्षा धरायची, ४०० चा असेल तर ९१ टक्के. अपेक्षेपेक्षा चांगलं झालं की गुण वाढतात, वाईट झालं की कमी होतात. एकाचे जितके गेले तितकेच दुसऱ्याला मिळतात.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. गुण फक्त हात बदलतात, नव्यानं तयार होत नाहीत. प्रत्येक नवा बॉक्सर समजा १५०० गुण घेऊन आला, तर सगळ्यांची सरासरी १५०० च्या आसपासच राहणार. उद्या जगातले सगळे हेवीवेट एका रात्रीत दुप्पट चांगले झाले तरी ईलोला पत्ता लागणार नाही, कारण ते एकमेकांशीच लढणार. वर मार्सियानोसारखा माणूस कमावलेले गुण घेऊन घरी जातो, म्हणजे मागे उरलेल्यांच्या वाट्याला आधीच कमी. त्यामुळे 'अमक्याचा सर्वोच्च ईलो १९५५ मध्ये इतका आणि तमक्याचा २००५ मध्ये तितका, म्हणून तमका भारी' असं लिहिलेलं दिसलं की मी पान उलटते.

मग दोन जमाने जोडायचे कसे? दोन्हीकडे खेळलेल्या माणसांवरून. क्रिकेटमधलं उदाहरण घेते, आपल्याकडचा कट्टा त्यावरच चालतो. गावस्कर १९८७ मध्ये थांबला, तेंडुलकर १९८९ मध्ये आला. दोघं एकाही कसोटीत एकत्र नाहीत. पण इम्रान खाननं दोघांनाही गोलंदाजी केली आहे. म्हणजे इम्रान हा पूल. फक्त गावस्करसमोरचा इम्रान तिशीतला होता आणि कराचीत तेंडुलकरसमोर उभा राहिला तो ३७ वर्षांचा. पूल तोच, पण मधल्या काळात त्याची एक बाजू खचली होती.

हेवीवेटमधले पूल बघा. २६ ऑक्टोबर १९५१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ३७ वर्षांचा जो लुई विरुद्ध २८ वर्षांचा मार्सियानो, आठव्या फेरीत लुई संपला. १९८०, लास व्हेगास. ३८ वर्षांचा अली विरुद्ध ३० वर्षांचा लॅरी होम्स. अली हरला. १९८८, अटलांटिक सिटी. आता होम्स ३८ चा आणि समोर २१ वर्षांचा माइक टायसन, चार फेऱ्यांत खेळ खलास. २०१७, वेम्बली. ४१ वर्षांचा व्लादिमिर क्लिच्को विरुद्ध २७ वर्षांचा अँथनी जोशुआ, अकराव्या फेरीत क्लिच्को थांबला.

कॉम्प्युटरला हे निकाल तसेच्या तसे दिले तर तो काय म्हणेल? मार्सियानो लुईपेक्षा भारी, होम्स अलीपेक्षा, टायसन होम्सपेक्षा. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीला चढ. तुम्ही लगेच म्हणाल, 'अहो, वय नको का धरायला?' धरायलाच हवं. मीही धरलं. आणि तिथेच अडकले.

लुईचा जन्म मे १९१४ चा, मार्सियानोचा सप्टेंबर १९२३ चा. लढतीच्या दिवशी लुई साधारण सव्वानऊ वर्षांनी मोठा होता. म्हणजेच तो सव्वानऊ वर्षं आधी जन्मला होता. ही दोन वाक्यं एकच आहेत ना? तीच तर गंमत. लुई 'वयानं सव्वानऊ वर्षं मोठा' म्हणून हरला, की 'सव्वानऊ वर्षं जुन्या पिढीचा' म्हणून? दोन्ही स्पष्टीकरणांसाठी माझ्याकडे एकच आकडा आहे. आणि हे फक्त या लढतीत नाही. आजवर झालेल्या प्रत्येक लढतीत वयांमधला फरक आणि जन्मसालांमधला फरक तंतोतंत सारखाच असतो, कारण दोघं एकाच दिवशी रिंगमध्ये असतात. एक लाख लढती आणा, एक कोटी आणा, ही दोन कारणं वेगळी होणारच नाहीत. एज-पीरियड-कोहोर्टचा पेच म्हणून लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांना तो जुना आहे. बॉक्सिंगमध्ये तो इतका नागडा दिसतो की मला दोन दिवस वाटत होतं माझ्या कोडमध्येच चूक आहे.

पूर्ण अंधार मात्र नाही. वयाचा आलेख सरळ रेषा नसतो. माणूस चढतो, सपाट होतो, मग घसरतो, आणि घसरण पुढे पुढे जोरात होते. हा बाक डेटातून सापडतो. सापडत नाही तो कल, म्हणजे टेकडीचा माथा नेमका कुठल्या वयाला आहे ते. माथा २६ व्या वर्षी मानला तर ३८ व्या वर्षाचा माणूस खूप खाली आलेला ठरतो, पराभवाचं खापर बरंचसं वयावर फुटतं आणि जुना जमाना वर जातो. माथा ३१ व्या वर्षी मानला तर वयाचा दोष कमी, म्हणजे नवी पिढीच सरस. डेटा दोन्ही वेळा सारखाच जुळतो. मी एक आकडा बदलते आणि सगळ्या काळातला सर्वश्रेष्ठ बदलतो. वॉरोनरकडे दोन शेवट होते. माझ्याकडे हवे तेवढे आहेत.

वाकड्या धरलेल्या कॅमेऱ्यातून रस्त्याचा फोटो काढला तर रस्ता चढावर आहे की उतारावर हे फोटोवरून ठरत नाही. पण रस्त्याच्या मध्ये उंचवटा असेल तर तो फोटोत दिसतोच, कॅमेरा कितीही वाकडा असो. तसंच इथे आहे. '२०२० चे हेवीवेट १९५० च्यापेक्षा चांगले का?' हा प्रश्न चढाचा, त्याचं उत्तर निकालांच्या यादीत नाही. 'सत्तरचं दशक आपल्या मागच्यापुढच्यांपेक्षा उठून दिसतं का?' हा प्रश्न उंचवट्याचा. त्याला हात घालता येतो.

त्यात शिरण्याआधी मला १९८० च्या त्या पुलाविषयी बोलायचंय. माझ्या फाइलमध्ये ती एक ओळ आहे: तारीख २ ऑक्टोबर १९८०, होम्स १, अली ०. मॉडेलच्या दृष्टीनं फार मोलाची ओळ, साठचं दशक आणि ऐंशीचं दशक तिच्यामुळे जोडलं जातं. त्या ओळीतला माणूस असा: दोन वर्षं न खेळलेला, वजन उतरवायला थायरॉइडच्या गोळ्या घेतलेला. लढतीआधी मेयो क्लिनिकमध्ये त्याची तपासणी झाली होती आणि अहवालात बोलण्यातल्या आणि हालचालींच्या समन्वयातल्या किंचित अडचणी नोंदल्या होत्या. तरी परवाना मिळाला. होम्स पूर्वी अलीचा सरावातला जोडीदार. तिन्ही परीक्षकांनी एकूण एक फेरी होम्सला दिली. दहाव्या फेरीनंतर अँजेलो डंडीनं लढत थांबवायला लावली. १९८४ मध्ये अलीला पार्किन्सन्सचं निदान झालं.

मॉडेलला हे काही माहीत नाही. ते म्हणतं, '३८ वर्षांचा अली'. जणू कुठलाही ३८ वर्षांचा माणूस. आणि उलट्या टोकाला, एप्रिल १९६७ ते ऑक्टोबर १९७० या काळात, सैन्यभरतीला नकार दिला म्हणून अलीवर बंदी होती. वयाची २५ ते २८. माथा कुठेही माना, ती त्याची सर्वोत्तम वर्षं असणार आणि तिथे माझ्या तक्त्यात एकही ओळ नाही. जिथे तो सर्वात चांगला होता तिथे माहिती शून्य, जिथे तो आजारी होता तिथे माहिती भरपूर. ही ओळ काढून टाकायची की ठेवायची यावर मी आणि गाइड मॅडम एकदा तासभर वाद घालत बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, आवडत नाही म्हणून ओळ काढायची नाही. मग मी ती ठेवली, पण तिचं वजन कमी केलं. किती कमी करायचं ते मीच ठरवलं, हे इथे कबूल करते.

आता उलट दिशेचा पूल. जॉर्ज फोरमन. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासामध्ये अलीनं त्याला आठव्या फेरीत पाडलं. १९७७ मध्ये त्यानं रिंग सोडली, धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी परत आला तेव्हा लोक हसले. १९९१ मध्ये, ४२ व्या वर्षी, तो इव्हँडर होलीफिल्डसमोर पूर्ण बारा फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर हरला. ५ नोव्हेंबर १९९४ ला त्यानं २६ वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत झोपवलं आणि ४५ व्या वर्षी पुन्हा विजेता झाला. अंगात किन्शासातलीच लाल चड्डी. होम्सनंही १९९२ मध्ये, ४२ व्या वर्षी, ऑलिम्पिक विजेत्या रे मर्सरला हरवलं आणि पुढच्याच लढतीत होलीफिल्डला गुणांपर्यंत नेलं.

वयाचा माथा तुम्ही कुठेही ठेवा, पंचेचाळिशीतला माणूस घसरणीवरच असतो. एकोणीस वर्षांनी लहान विजेत्याला तो पाडतो, तेव्हा सत्तरच्या दशकाचा उंचवटा खरा असावा असं मला वाटतं. पण हात आखडता घेऊनच. एक तर मूरर तिन्ही परीक्षकांकडे पुढे होता, एका ठोशानं चित्र पालटलं. दुसरं, चाळिशीनंतर कोण खेळत राहतं? ज्याचं शरीर टिकलं तोच. फोरमनच्या पिढीतले बाकीचे त्या वेळी घरी होते आणि घरी बसलेल्यांचे निकाल नसतात. तिसरं म्हणजे तो तोच फोरमन नव्हता. किन्शासात त्याचं वजन २२० पाउंड होतं, मूररसमोर २५०. घाईघाईनं ठोसे मारणारा तरुण जाऊन सावकाश चालणारा, बचाव शिकलेला पहिलवान आला होता.

वजनाचा विषय निघालाच आहे तर तो उरकून टाकू. मार्सियानो जेतेपदाच्या काळात सुमारे १८५ पाउंडांचा, म्हणजे ८४ किलोचा होता. आज २०० पाउंडांपर्यंत वेगळा गट आहे, क्रूझरवेट. तो १९७९-८० पासून आला. म्हणजे मार्सियानो, जॅक डेम्प्सी, तरुणपणीचा लुई हे आजच्या नियमांत हेवीवेटच नाहीत. जुन्या लोकांना यात अपमान वाटतो, नव्यांना वाटतं विषय संपला. मला दोन्ही पटत नाही. १९१९ मध्ये १८७ पाउंडांच्या डेम्प्सीनं २४५ पाउंडांच्या जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं होतं. २०२४ च्या मे महिन्यात क्रूझरवेटमधून वर आलेल्या ओलेक्सांडर उसिकनं जवळपास चाळीस पाउंडांनी जड टायसन फ्युरीला हरवलं. अर्थात, विलर्ड ३७ वर्षांचा होता आणि तीन वर्षं जेतेपदासाठी उतरलाच नव्हता. बघा, परत वय आलंच. वजनाचा फायदा मात्र डेटातून मोजता येतो, कारण एकाच दिवशी वजनांतला फरक आणि जन्मसालांतला फरक एकमेकांत अडकलेले नसतात.

सगळ्यात अवघड भाग मात्र गणिताचा नाहीच, तक्त्यात नसलेल्या माणसांचा आहे. १९०८ मध्ये सिडनीत जॅक जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला. १९१५ मध्ये तो हरला आणि त्यानंतर थेट १९३७ मध्ये जो लुईपर्यंत एकाही कृष्णवर्णीय आव्हानवीराला या जेतेपदासाठी लढू दिलं गेलं नाही. बावीस वर्षं. हॅरी विल्स विसाच्या दशकात वर्षानुवर्षं डेम्प्सीचा पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर मानला जात होता. ती लढत झालीच नाही. सॅम लँगफर्डलाही कधी संधी मिळाली नाही. डेम्प्सीचा आकडा मग काय सांगतो? तो ज्यांच्याशी लढला त्यांच्यापेक्षा सरस होता, एवढंच.

पुढे हेच वेगळ्या रूपात. क्यूबानं १९६२ मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी घातली. तेओफिलो स्टीव्हनसननं १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं घेतली, पण तो एकही व्यावसायिक लढत खेळला नाही. सोव्हिएत संघातलं कुणीच नव्हतं. तेव्हा ज्या सत्तरच्या दशकाला आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्यात जगाचा मोठा तुकडा गैरहजर आहे. क्लिच्को बंधू पुढे आले ते सोव्हिएत संघ कोसळल्यावर, आणि त्यांच्या काळात पूर्व युरोप हजर होता. या हिशेबानं त्यांचा जमाना जास्त खुला. पण त्या जमान्यातले दोन सर्वोत्तम बॉक्सर सख्खे भाऊ निघाले आणि त्यांनी आईला शब्द दिला होता की एकमेकांशी लढणार नाही. आईचं बरोबरच आहे. मॉडेलचं वाटोळं झालं, इतकंच.

'दर्जा' म्हणून मी शेवटी जे मोजायचं ठरवलं ते यातूनच आलं. मोजायचं ते असं, की त्या काळातले पहिल्या पाचसहांतले लोक आपापसांत किती वेळा भिडले. सत्तरच्या दशकात फ्रेझरनं अलीला हरवलं, फोरमननं फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, अलीनं फोरमनला हरवलं. नॉर्टननं अलीचा जबडा मोडला, फोरमननं नॉर्टनलाही दोन फेऱ्यांत संपवलं. अली आणि फ्रेझर तीनदा भिडले, अली आणि नॉर्टनही तीनदा. यात सरळ शिडी लागत नाही, गोल फिरत राहतं. मॉडेल त्यावर कुरकुरतं, कारण त्याला एक माणूस एक आकडा असं हवं असतं. पण या घट्ट विणीमुळेच त्या काळातल्या प्रत्येकाचा आकडा आपल्याला भरवशानं माहीत आहे. याच्या उलट नव्वदचं दशक. लेनक्स लुईस आणि रिडिक बो १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत लढले, लुईस जिंकला. व्यावसायिक झाल्यावर दोघंही विजेते होते, तरी एकमेकांसमोर आलेच नाहीत. बोनं १९९२ मध्ये एका संघटनेचा पट्टा सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. चार संघटना, चार पट्टे, प्रत्येकाची सोय. चारही पट्टे एकाच हेवीवेटकडे आले ते थेट २०२४ मध्ये, उसिककडे.

म्हणून सत्तरचं दशक सर्वात बलवान होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. सर्वात जास्त तपासलेलं होतं, हे म्हणेन. नव्वदचं दशक प्रतिभेत कदाचित बरोबरीचं असेल, पण त्याची निम्मी परीक्षा झालीच नाही. मार्सियानोच्या ४९ विजयांबद्दल माझं मत थोडं कडक आहे: जेतेपद घेतलं ते ३८ वर्षांच्या जर्सी जो वॉलकॉटकडून, शेवटची लढत चाळिशीला टेकलेल्या आर्ची मूरशी, आणि तो स्वतः खालच्या वजनगटाचा विजेता. समवयस्क तगडा प्रतिस्पर्धी त्याला भेटलाच नाही. तो भेटला असता तर काय झालं असतं, हे एनसीआर ३१५ लाही माहीत नव्हतं.

सध्या मी वयाचा माथा बाहेरून आणायचा प्रयत्न करतेय, म्हणजे घड्याळ असलेल्या खेळांतून. वेटलिफ्टिंग, गोळाफेक वगैरे. तिथे वय आणि पिढी वेगळी करता येते, कारण किलो आणि मीटर समोरच्यावर अवलंबून नसतात. पण गोळा फेकणाऱ्याला कुणी डोक्यात ठोसे मारत नाही, हा मॅडमचा आक्षेप आहे आणि त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.